पुष्करच्या मेळ्याला घरच्यांना घेऊन जायचंय? आधी तिथी बघा, मग तिकीट काढा

राजस्थानात अजमेरजवळच्या पुष्करला उंटांच्या मेळ्याला जायचं ठरलं की सगळे पहिल्यांदा कार्तिक पौर्णिमेची तारीख शोधतात आणि गडबड तिथेच होते. पौर्णिमेला मेळा सगळ्यात मोठा असतो हे खरं, पण मोठा कशाने तर माणसांनी. उंट-घोडे घेऊन आलेले लोक दिवाळी झाली की लगेच यायला लागतात, वाळूत तळ ठोकतात, सौदे करतात आणि एकादशीच्या आसपास गाशा गुंडाळून निघायलाही लागतात, आणि मग एकादशी ते पौर्णिमा हे पाच दिवस स्नानाचे, तेव्हा गावोगावहून बाया-बापड्या, म्हातारी माणसं डोक्यावर बोचकी घेऊन येतात ती तलावात बुडी मारायला. म्हणजे एकाच नावाखाली दोन जत्रा आहेत आणि त्या एकमेकींच्या मागोमाग लागतात. पौर्णिमेला पोचलात तर पोरं विचारणार उंट कुठायत, आणि तुम्ही दाखवणार लेंड्या पडलेलं रिकामं मैदान.

त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे. सोबत लहान मुलं आणि आई-वडील किंवा सासू-सासरे असतील तर सप्तमी-अष्टमीला पोचायचं, दोन-तीन दिवस जनावरं आणि मैदानातले कार्यक्रम बघायचे, एकादशीला पहाटे स्नान उरकायचं आणि त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं. आपल्याला तरी तसंही एकादशीच मोठी, पंढरपूरला कार्तिकी असते तीच ही तिथी, तेव्हा घरातल्या वारकरी मंडळींना "पौर्णिमा चुकली" असं वाटायचं काही कारण नाही. (कार्तिकीला वाखरीला जनावरांचा बाजार भरतो तो ज्यांनी बघितलाय त्यांना पुष्कर एकदम ओळखीचं वाटेल, फक्त तिथं खिलार बैल असतात आणि इथं उंट.)

२०२६ साठी हिशोब सोपा आहे. लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबर, कार्तिकी एकादशी २० नोव्हेंबर, पौर्णिमा २४ नोव्हेंबर. म्हणजे १६-१७ ला पोचायचं आणि २० किंवा २१ ला निघायचं. बऱ्याच शाळांची दिवाळीची सुट्टी तोवर संपत आलेली असते, तर एखाद-दोन दिवस बुडतील, शाळेत आधीच सांगून ठेवा. कार्यक्रमांचं दिवसवार वेळापत्रक राजस्थान पर्यटन खातं दरवर्षी काढतं आणि ते थोडं इकडे तिकडे होतं, म्हणून निघायच्या आधी एकदा बघून घ्या, नाहीतर मिशांची स्पर्धा काल झाली असं कळायचं.

तिकिटं आणि पोचणं

रेल्वेचं बुकिंग आता ६० दिवस आधी उघडतं. नोव्हेंबरच्या मध्याचं तिकीट म्हणजे सप्टेंबरच्या मध्याला, आणि २०२६ ला गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे, तर आरत्या आणि मोदकांच्या धामधुमीत तिकीट काढायचं विसरू नका, मोबाईलला रिमाइंडर लावा. मुंबईहून अजमेरला थेट गाड्या आहेत. आम्ही नाशिकची माणसं, आम्हाला आधी मुंबई गाठायला लागते, पण म्हातारी माणसं असली की गाडी बदलण्यापेक्षा एकदा नीट बसलं की अजमेर, हेच बरं पडतं. गाडी अबू रोडवरून जाणारी असेल तर स्टेशनवरची रबडी चुकवू नका, एवढं एक सांगून ठेवते. विमानाने यायचं तर जयपूर, तिथून रस्त्याने दीडशेएक किलोमीटर. अजमेरजवळ किशनगडला विमानतळ आहे पण विमानं मोजकीच, जमलं तर नशीब.

अजमेर ते पुष्कर पंधराएक किलोमीटर, मधे नाग पहाड आणि त्यावरचा वळणांचा घाट. एरवी अर्ध्या तासाचा रस्ता, मेळ्यात कितीही वेळ लागू शकतो. रोडवेजच्या बस सतत सुटतात, चारचाकी करून गेलात तरी गर्दीच्या दिवसांत गाड्या गावाबाहेरच अडवतात आणि पार्किंगपासून चालत जायचं. त्यामुळे सामान चाकांच्या बॅगेत नको, वाळूत आणि खडबडीत गल्लीत ती चाकं फिरतच नाहीत, पाठीवरच्या सॅक घ्या. आणि गाडीवाल्याला आधीच विचारून ठेवा की तो कुठपर्यंत सोडणार, "पुष्कर" एवढं बोलून ठरवलं की तो गावाच्या वेशीवर उतरवून मोकळा होतो.

राहायचं कुठं

मेळ्याच्या दिवसांत खोल्यांचे भाव नेहमीच्या कितीतरी पट होतात. तीन-चार महिने आधी बघायला लागलात तर बरं काहीतरी मिळतं. पर्याय तीन. गावातलं गेस्ट हाऊस किंवा धर्मशाळा, मैदानाच्या बाजूचे तंबू, नाहीतर अजमेरला राहून रोज ये-जा. तिसरा पर्याय कागदावर स्वस्त दिसतो पण पोरं आणि म्हातारी माणसं घेऊन रोज तो घाट दोनदा चढायचा-उतरायचा, वर जाम, मला तरी पटत नाही. तंबूंचं म्हणाल तर फोटो फार सुंदर असतात आणि रात्री थंडीही तेवढीच सुंदर असते. वाळवंटाच्या कडेचा भाग, दिवसा उन्हात घाम येतो आणि रात्री कानटोपी लागते. तंबू घेणारच असाल तर रजया किती देणार, संडास तंबूला जोडलेलं आहे का लांब, रात्री दिवा असतो का, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय पैसे टाकू नका. रात्री दोनला बाबांना हाताला धरून वाळूतून न्यायचं म्हणजे काय ते ज्याच्यावर येतं त्यालाच कळतं.

गावातली खोली घेताना तळमजला मागा. तिथली जुनी घरं उंच पायऱ्यांची असतात, वर गच्चीवर रेस्टॉरंट, आणि मालक फोनवर "बस फर्स्ट फ्लोर है" म्हणतो ते आपले दोन जिने निघतात. गरम पाणी किती ते किती येतं तेही विचारा. तलावाला अगदी लागून असलेली खोली दिसायला छान पण पहाटे चारपासून लाउडस्पीकर, तर झोप सावध असेल त्यांनी एक गल्ली मागेच राहावं.

मैदान आणि उंट

उंट बघायचे ते सकाळी. उजाडायच्या सुमारास मैदानाकडे निघा, तेव्हा चुली पेटलेल्या असतात, धुकं आणि धूर एकत्र झालेला असतो, उंटवाले चहा करत असतात, आणि ऊन चढायच्या आत परत या. संध्याकाळी उजेड फोटोंसाठी चांगला असतो म्हणून कॅमेरेवाल्यांची झुंबड उडते आणि धुरळा इतका की दम्याचा त्रास असणाऱ्याने त्या वेळेला तिकडे फिरकू नये. मास्क किंवा ओला रुमाल प्रत्येकाच्या खिशात हवाच, आणि पोरांचा इनहेलर असेल तर तो खोलीवर नाही, तुमच्या पर्समधे.

आता एक गोष्ट मनाची तयारी म्हणून सांगते. जुन्या फोटोंमधे दिसतात तसे क्षितिजापर्यंत उंटच उंट आता नसतात. शेतीला ट्रॅक्टर आले, गाडीला टेम्पो आले, उंटाचं काम कमी झालं. २०१४ ला राजस्थानने उंटाला राज्य प्राणी केलं आणि २०१५ च्या कायद्याने कत्तलीवर आणि राज्याबाहेर नेण्यावर बंधनं आणली, हेतू चांगला होता पण बाहेरचं गिऱ्हाईक तुटल्यावर भाव पडले आणि पाळणाऱ्यांनाच परवडेना, असं उंटवाले स्वतःच सांगतात. घोडे मात्र जोरात असतात, विशेषतः मारवाडी घोडे, ज्यांच्या कानांची टोकं आत वळून एकमेकांना टेकतात, पोरांना हे दाखवा, फार मजा वाटते त्यांना. उंट पाळणारे बरेचसे रायका-रेबारी समाजाचे, लाल पागोटी, पांढरे कपडे. "राम राम सा" म्हणून बोलायला सुरुवात केली तर माणसं मोकळेपणी बोलतात. उंटाचं वय दातांवरून कसं बघतात, अंगावरचे केस कातरून नक्षी कशी काढतात, हे त्यांच्याकडूनच ऐका. चहा देऊ केला तर घ्या. फोटो काढायचा तर आधी विचारा, आणि विकायला आणलेल्या जनावराच्या पाठीवर पोराला बसवून द्या म्हणू नका, तो त्यांचा धंदा चाललेला असतो, आपली सहल असली म्हणून काय झालं.

फिरवणारे उंट वेगळे असतात, सजवलेले, गळ्यात गोरबंद म्हणजे विणलेला दागिना, पायात घुंगरू. भाव बसायच्या आधी ठरवा, आणि नुसता आकडा ठरवून भागत नाही, माणशी का उंटाचे, जाऊन-येऊन का एका बाजूचे, किती वेळ, सगळं एकदम बोलून घ्या, नाहीतर उतरताना भाषा बदलते. उंट उठताना मागचे पाय आधी उचलतो, तेव्हा आपण धाडकन पुढे झुकतो, आणि बसताना पुढचे गुडघे आधी टेकतो, तेव्हाही पुढेच. दोन्ही वेळेला मागे रेलायचं आणि खोगिराला घट्ट धरायचं. लहान पोराला पुढ्यात घ्या, एकटं बसवू नका. गुडघेदुखीवाल्यांनी उंटावर बसूच नये, त्यांच्यासाठी उंटगाडी आहे, गादी घातलेली असते आणि सगळं कुटुंब एकत्र बसतं. मला तर उंटापेक्षा गाडीच आवडते. उंटाच्या मागून जायचं नाही आणि तोंडाजवळ हात न्यायचा नाही, हे पोरांना हॉटेलवरच बजावून आणा.

मैदानातल्या स्टेडियममधे कार्यक्रम चालू असतात, मिशांची स्पर्धा, पागोटं बांधायची स्पर्धा, मटका फोड, उंटांची सजावट आणि नाच, परदेशी पाहुणे विरुद्ध गावकरी रस्सीखेच. बसायला जागा हवी तर अर्धा-पाऊण तास आधी जा आणि टोप्या घेऊन जा, सावली नसते. पाळणे आणि मौत का कुआ वगैरे आपल्याकडच्या जत्रेसारखंच, त्यावर वेगळं काय सांगणार.

तलाव, घाट आणि फुलं देणारे लोक

पुष्कर तलावाला ५२ घाट आहेत. बूट-चप्पल पाण्यापासून बरंच लांब काढायला लागतं, तर जुनी चप्पल घाला आणि एक कापडी पिशवी ठेवा, आपापली चप्पल आपल्या पिशवीत, चप्पल शोधण्यात अर्धा तास जात नाही. आंघोळ करणाऱ्यांचे फोटो काढायला बंदी आहे आणि ती लोक पाळायला लावतात. पोराने सहज मोबाईल वर केला तरी कोणीतरी ओरडणार, तेव्हा घाटावर मोबाईल खिशातच बरा.

एकादशीचं स्नान करायचं तर पहाटे शक्य तितक्या लवकर. पायऱ्या शेवाळाने गुळगुळीत असतात, म्हातारी माणसं आणि पाणी यांच्या मधे घरातलं एक धडधाकट माणूस उभं राहिलंच पाहिजे, आणि दोन-तीन पायऱ्यांच्या खाली जायचं नाही. बुडी नाही मारली आणि तांब्याने डोक्यावर पाणी घेतलं तरी चालतं, तांब्या घरून न्या. बायकांनी गडद रंगाचा गाऊन किंवा ड्रेस आणि वर पांघरायला मोठा पंचा ठेवावा, कपडे बदलायची सोय असते पण रांग मोठी. पोरांना सांगा तोंडात पाणी घ्यायचं नाही. आंघोळ झाल्याबरोबर स्वेटर, कारण पहाटेचा गारठा तिथला चांगलाच बोचतो.

आता फुलांचं. बाजारातून चालताना कोणीतरी प्रेमाने हातात गुलाबाच्या पाकळ्या किंवा फूल देतो, "पैसा नहीं चाहिए, बस तालाब में चढ़ा दो" म्हणतो, घाटावर नेतो, दुसरा माणूस बसवून संकल्प सांगायला लावतो आणि त्या मंत्राच्या मधेच घरातल्या प्रत्येकाच्या नावाने अमुक रुपये दान करीन असं तुमच्याच तोंडून वदवून घेतो. मग मनगटाला लाल धागा. एकदा तो धागा हातात दिसला की बाकीचे लोक सोडून देतात, म्हणून त्याला गमतीने पुष्करचा पासपोर्ट म्हणतात. यावर उपाय साधा. रस्त्यात फूल घ्यायचंच नाही, हात मागे, "हो गया भैया" म्हणून पुढे चालायचं. पूजा करायची इच्छा असेल तर मुद्दाम करा, त्यात काही वाईट नाही, पण बसायच्या आधी दक्षिणा ठरवा, तेवढीच रक्कम वेगळ्या खिशात ठेवा आणि संकल्पात आकडा आला तर आपला ठरलेला आकडा बोला. आम्ही रामकुंडाच्या गावचे, आम्हाला हे सगळं पाठ आहे, पण आमच्या घरच्या म्हाताऱ्या माणसांना कोणी पंडितजी समोर बसले की नाही म्हणवत नाही, म्हणून त्यांच्या हातात पाकीट न देणं हाच खरा बंदोबस्त. तीर्थावरचे परंपरागत पुरोहितही आहेत, त्यांच्याकडे गावानुसार वंशावळीच्या वह्या असतात, तुमच्या गावाचं नाव सांगून चौकशी करायला हरकत नाही, मात्र ते दुपारी निवांत वेळी, सणाच्या सकाळी नाही.

ब्रह्माच्या मंदिरात मोठ्या बॅगा नेता येत नाहीत, दुपारी काही वेळ दर्शन बंद असतं, आणि पायऱ्यांवर मेळ्यात रांग लागते. अष्टमी-नवमीला सकाळी लवकर जाऊन या, एकादशीवर ठेवू नका. लाल शिखर, दारावर हंस, आत चतुर्मुख मूर्ती आणि शेजारी गायत्री. गोष्ट पोरांना रांगेत उभं असताना सांगा, वेळ छान जातो. यज्ञाला सावित्रीला यायला उशीर झाला, मुहूर्त टळेल म्हणून ब्रह्मदेवाने गायत्रीशी लग्न लावून यज्ञ उरकला, सावित्री आली आणि चिडून शाप दिला की तुझी पूजा फक्त इथंच होईल, आणि ती जाऊन बसली समोरच्या रत्नागिरी टेकडीवर. टेकडीवर पायऱ्याही आहेत आणि रोपवेही. वरून तलाव, गाव आणि वाळू सगळं एकदम दिसतं, म्हाताऱ्यांना रोपवेने न्या. आणि हो, ब्रह्मा मंदिराची १८०९ च्या सुमारास डागडुजी झाली ती शिंद्यांच्या एका मंत्र्याने केली असं सांगतात, अजमेर तेव्हा शिंद्यांच्या ताब्यात होतं, तर इतिहास आवडणाऱ्या काकांना हा विषय द्या, ते रांगेत बडबड करत नाहीत.

गर्दीत चुकामूक

मुख्य बाजाराची गल्ली तलावाच्या कडेने जाते, अरुंद आहे, आणि तिच्यात माणसांबरोबर गाई आणि मोठाले सांडही चालतात. हातात खायचं काही उघडं धरलं तर सांड नाहीतर माकड, कोणीतरी येणारच. पोरांच्या हातावर बॉलपेनने मोबाईल नंबर लिहा आणि त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावा, घामाने पुसत नाही. आईबाबांच्या खिशात हॉटेलचं कार्ड आणि दोन नंबर लिहिलेली चिठ्ठी. मेळ्यात मोबाईलचं नेटवर्क बसतं, फोन लागत नाही, लोकेशन पाठवू वगैरे विसरा. रोज सकाळी एक भेटायची जागा ठरवायची, दुरून दिसणारी, आणि एवढंच ठरवायचं की हरवलं तर जो हरवला त्याने जागेवर थांबायचं, बाकीच्यांनी शोधायचं, आणि अर्ध्या तासात नाही सापडलं तर पोलिसांच्या मदत केंद्रावर जायचं, तिथून माईकवर नाव पुकारतात. गर्दी दाटायला लागली की प्रवाहाच्या मधून चालू नका, कडेने चाला आणि एखाद्या दुकानाच्या पायरीवर चढून थांबा. चप्पल निसटली तर वाकायचं नाही, जाऊ दे ती. सोनं घरी.

नेटवर्क बसलं की यूपीआय पण बसतं, म्हणून रोख न्या, त्यातही दहा-वीस-पन्नासच्या नोटा जास्त. मेंदी काढतो म्हणून हात पकडणाऱ्या बायका, रावणहत्था नावाचं तंतुवाद्य वाजवणारे भोपे, फोटोसाठी नटून उभी राहिलेली पोरं, सगळे पैसे मागणार. वाजवणाऱ्याला ऐकलंत तर जरूर द्या, ती कला आहे. मेंदीवालीपासून हात मात्र सोडवून घ्या.

खाणं

गाव पूर्ण शाकाहारी, अंडंसुद्धा नाही आणि दारू नाही, त्यामुळे घरच्यांना घेऊन निर्धास्त फिरता येतं. मालपुवा खायचाच, रबडीचा, तुपात तळलेला, गरम असताना, एक दोघांत घ्या कारण जड असतो. सकाळी कढी-कचोरी, दुपारी दाल-बाटी. परदेशी लोक वर्षानुवर्षं येतात म्हणून गल्लीत फलाफलच्या (वाटलेल्या चण्यांचे तळलेले वडे) गाड्या आहेत, पोरांना तिखट नको असेल तर ते बरं पडतं. एकादशीच्या उपासाचं सामान आपलं आपण न्या, राजगिऱ्याचे लाडू, दाण्याचं कूट, खजूर. बाकी दिवाळीचा उरलेला चिवडा-शंकरपाळी डब्यात भरा, रांगेत पोरं शांत राहतात. पाणी बंद बाटलीचंच.

घ्यायचं काय तर गुलकंद आणि गुलाबपाणी. आजूबाजूला गुलाबाची शेती आहे, तिथं ते खरंच चांगलं मिळतं, पण घेताना चव बघून घ्या, काही ठिकाणी नुसता साखरेचा पाक असतो. मोजड्या (तिकडचे चामडी जोडे) पोरांना घेऊ नका, चावतात.

परतीची गाडी अजमेरहून असेल तर एकादशीनंतर निदान चार तास आधी पुष्कर सोडा, कारण त्या दिवसापासून स्नानाला येणाऱ्यांचा लोंढा वाढतच जातो. लवकर पोचलात तर अजमेरला वेळ घालवायला आनासागर तलावाकाठची संगमरवरी बारादरी आहे, बसायला सावली आहे, आणि ख्वाजांच्या दर्ग्याला जायचं तर शुक्रवार सोडून जा. २०२६ ची एकादशी नेमकी शुक्रवारीच येते, तेव्हा त्या दिवशी निघणार असाल तर दर्गा पुष्करला जातानाच उरकून घ्या.